दम्याचे औषध आणि जन्माचा वारसा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात आरोग्यविषयक व्याख्यान व्हावे अशी इच्छा कार्यकारिणीने व्यक्त केली, तेव्हा मी दमा आणि ॲलर्जी हा विषय सुचविला. इंग्लंडमध्ये औषधनिर्माता म्हणून काम करीत असताना आपल्या कुटुंबांकडून मला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पहिला प्रश्न असा, की एकाच घरातील दोन भावंडांना दमा आहे, दोघांना औषधही तेच आहे, मग एकाला गुण येतो आणि दुसऱ्याला का येत नाही? दुसरा प्रश्न असा, की दमा जर आनुवंशिक असेल, तर जे रक्तातच आहे त्याला औषध काय करणार? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका आहे: जन्माने माणसाचे किती ठरते? ही शंका आपल्या समाजाला नवी नाही. तिचा सामाजिक इतिहास आपण सारे जाणतो. आज तिची वैद्यकीय बाजू पाहावी, असा माझा प्रयत्न आहे.

प्रथम आजाराविषयी थोडेसे. दमा म्हणजे श्वासनलिकांच्या आतील अस्तराचा दीर्घकाळ चालणारा दाह. अस्तर सुजते, चिकट स्राव वाढतो आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. पराग, धुळीतील सूक्ष्म कीटक, मांजराचा कोंडा, धूर, थंड हवा किंवा साधी सर्दी यांपैकी काहीही निमित्त पुरते. या देशातील दम्याच्या बहुतेक घरांत दोन पंप ओळखीचे आहेत. निळ्या पंपात सालब्युटामॉल असते. ते १९६९ साली ब्रिटनमध्ये बाजारात आले. ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. तपकिरी पंपात बेक्लोमेटासोन नावाचे स्टेरॉइड असते. ते १९७२ पासून वापरात आहे. ते दाह कमी करते, परंतु त्याचा गुण हळूहळू, नियमित घेतल्यानेच येतो. स्वयंपाकघर धुराने भरले असता खिडकी उघडणे हे निळ्या पंपाचे काम, आणि चुलीतले ओले लाकूड बाहेर काढणे हे तपकिरी पंपाचे काम. नुसती खिडकी उघडून चूल तशीच धुमसत ठेवली, तर घर पुन्हा धुराने भरणारच.

आता जनुकांकडे वळू. जनुक म्हणजे शरीरातील प्रथिने कशी घडवावीत याची सूचना. ही सूचना आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रतींमध्ये मिळते. माणसामाणसांतील या प्रतींमध्ये ठिकठिकाणी एखाद्या अक्षराचा फरक असतो. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. काही फरकांमुळे मात्र प्रथिनाचे रूप बदलते आणि त्याबरोबर औषधाचा परिणामही बदलू शकतो. सख्ख्या भावंडांनाही आईवडिलांच्या प्रतींपैकी कोणती प्रत मिळेल हे ठरलेले नसते. म्हणूनच एका घरात, एका ताटात जेवणाऱ्या दोन मुलांना एकाच औषधाचा वेगवेगळा अनुभव येणे शक्य आहे.

निळ्या पंपाचेच उदाहरण घ्या. सालब्युटामॉल हे श्वासनलिकेच्या स्नायूवरील एका प्रथिनाला जाऊन चिकटते. औषध ही किल्ली मानली, तर हे प्रथिन म्हणजे तिचे कुलूप. त्याला बीटा-२ ग्राही असे म्हणतात. त्याचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर आहे. अशा प्रकारच्या ग्राही प्रथिनांवरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे कुलूप ४१३ अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असते. त्यातील सोळाव्या जागी काहींमध्ये आर्जिनिन असते, तर काहींमध्ये ग्लायसिन. दोन्ही प्रती आर्जिनिनच्या असलेली माणसे जगातील सर्व लोकसमूहांत आढळतात. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांचे प्रमाण साधारण सहांत एक असे आहे.

या एका जागेला एवढे महत्त्व का आले, त्यामागे इतिहास आहे. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये दम्याने होणारे मृत्यू अचानक वाढले आणि संशयाची सुई तीव्र मात्रेच्या आयसोप्रेनालिन पंपांकडे वळली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये फेनोटेरॉल या औषधाबाबत तसेच घडले. श्वासनलिका उघडणारे औषध रोज नियमाने घेतल्यास काहींचा दमा उलट बिघडतो की काय, असा प्रश्न उभा राहिला. हे ‘काही’ कोण, याचा शोध जनुकांत सुरू झाला. २००४ साली अमेरिकेत ७८ रुग्णांवर झालेल्या एका काटेकोर प्रयोगात दोन्ही प्रती ग्लायसिनच्या असलेल्यांना नियमित सालब्युटामॉलने लाभ झाला, तर दोन्ही प्रती आर्जिनिनच्या असलेल्यांना तो झाला नाही. दोन गटांना मिळालेल्या परिणामांत, श्वास जोराने सोडण्याच्या वेगात, मिनिटाला २४ लिटरचे अंतर पडले. जनुक पाहून पंप द्यावा, असा उत्साह त्या काळात निर्माण झाला.

परंतु विज्ञान एका प्रयोगावर थांबत नाही. २००९ साली त्याच दिशेचा पुढचा प्रयोग झाला. त्यात सर्व रुग्णांना आधी स्टेरॉइडचा पंप नियमित देण्यात आला आणि त्यावर दीर्घकाळ परिणाम करणारे सालमेटेरॉल देण्यात आले. या वेळी दोन्ही जनुकरूपांच्या रुग्णांच्या श्वासाचा वेग सारखाच सुधारला. याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. मूळ दाहावर नियमित उपचार चालू असेल, तर जन्माने मिळालेल्या त्या एका अक्षराचा प्रभाव बराच ओसरतो.

मुलांबाबत प्रश्न अद्याप खुला आहे. स्कॉटलंडमधील संशोधकांनी २०१३ साली दोन्ही प्रती आर्जिनिनच्या असलेल्या ६२ मुलांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्टेरॉइडच्या जोडीला सालमेटेरॉलऐवजी मॉन्टेलुकास्टची गोळी दिलेल्या मुलांची प्रकृती अधिक चांगली राहिली. नंतर ब्रिटनमध्येच २४१ किशोरवयीनांवर जनुक पाहून औषध निवडण्याचा प्रयोग झाला. त्यात जीवनमान सुधारले, पण सुधारणा अल्प होती. मॉन्टेलुकास्टच्या बाबतीत पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गोळीने काही मुलांना भयानक स्वप्ने पडतात, चिडचिड किंवा नैराश्य येते. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० साली तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापण्यास लावले. मुलाच्या वागणुकीत असा बदल दिसला, तर तो हट्टीपणा समजू नका, डॉक्टरांना सांगा.

स्टेरॉइडच्या बाबतीतही असेच आहे. २०११ साली जी.एल.सी.सी.आय.-१ या जनुकातील एक भेद प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे त्याच्या दोन प्रती होत्या, त्यांच्या फुप्फुसांच्या क्षमतेत स्टेरॉइडने सुमारे ३ टक्के सुधारणा झाली. ज्यांच्याकडे एकही नव्हती, त्यांच्यात ती सुमारे ९ टक्के होती. पुढील सर्व अभ्यासांत मात्र हा निष्कर्ष सारखा टिकला नाही. दमा एका जनुकाचा आजार नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, त्यात घरातील ओल, रस्त्यावरील धूर, तंबाखू आणि बालपणातील संसर्ग यांची भर, असे त्याचे स्वरूप आहे. म्हणूनच दम्याचे औषध ठरविण्यासाठी प्रत्येकाची जनुकचाचणी करावी, असे आज कोणतीही प्रमुख मार्गदर्शिका सांगत नाही. तीव्र दम्यासाठी अलीकडे इंजेक्शनने दिली जाणारी नवी औषधे निघाली आहेत. तीही रुग्णाची जनुके पाहून निवडली जात नाहीत. रक्तातील इओसिनोफिल पेशी, आय.जी.ई. प्रतिपिंड आणि उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइड यांच्या मोजणीवरून ठरविली जातात.

ॲलर्जीच्या क्षेत्रात मात्र जनुकाचा हात अधिक ठळक दिसतो. डंडी येथील संशोधकांनी २००६ साली फिलॅग्रिन या जनुकाचा शोध प्रसिद्ध केला. फिलॅग्रिन हे त्वचेचे बाहेरील आवरण घट्ट ठेवणारे प्रथिन आहे. ते कमी पडले की त्वचा कोरडी होते, इसब होते आणि बाहेरील पदार्थ आत शिरून ॲलर्जीला वाट मिळते. अशा मुलांना पुढे दमा झाल्यास तो अधिक तीव्र असण्याचा संभव असतो. युरोपीय वंशाच्या सुमारे दहांतील एका व्यक्तीत या जनुकाची सदोष प्रत असते. परंतु त्यांच्यात वारंवार आढळणारे बिघाड आशियाई लोकांत क्वचितच सापडतात. आशियाई लोकांत त्याच जनुकातील बिघाड वेगळ्या जागी असतात. केवळ युरोपीय बिघाड शोधणारी चाचणी आपल्या मुलावर केली आणि ती निर्दोष आली, तर त्यावरून जनुक निर्दोष आहे असे ठरत नाही.

औषधाच्या ॲलर्जीबाबत तर एका चाचणीने जीव वाचू शकतो. कार्बामाझेपिन हे फेफरे आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या वेदना यांवरील जुने औषध. क्वचित एखाद्याला त्याने स्टीव्हन्स-जॉन्सन विकार होतो: अंगावर फोड येतात, कातडी सोलली जाते, प्राणावर बेतते. २००४ साली तैवानमधील संशोधकांनी दाखवून दिले की याचा अतिशय निकट संबंध एच.एल.ए.-बी १५:०२ या जनुकरूपाशी आहे. २००७ साली अमेरिकेच्या नियंत्रकांनी आशियाई वंशाच्या रुग्णांची, हे औषध सुरू करण्यापूर्वी, ही चाचणी करण्याचा सल्ला दिला. भारतीय रुग्णांतही हे जनुकरूप आढळले आहे. आपल्या घरात कोणास हे औषध सुचविले गेले, तर या चाचणीविषयी जरूर विचारावे.

मित्रहो, येथे आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. जनुकांमुळे औषधाच्या परिणामात फरक पडतो हे खरे, तर मग रुग्णाचा वंश पाहून औषध दिले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. याचे उत्तर अमेरिकेतील दोन अभ्यासांनी दिले आहे. तेथे स्पॅनिश भाषिक मुळाच्या सर्वांना ‘हिस्पॅनिक’ या एकाच खान्यात टाकले जाते. परंतु २००४ च्या सुमारास संशोधकांना दिसून आले की प्वेर्तो रिकोच्या लोकांत दमा फार आणि सालब्युटामॉलचा गुण कमी, तर मेक्सिकन लोकांत दमा कमी आणि गुण अधिक. पाटी एक, माणसे निराळी. दुसरा अभ्यास २०१९ चा. कृष्णवर्णीय रुग्णांना स्टेरॉइडची मात्रा वाढवून अधिक गुण येतो की सालमेटेरॉलची जोड देऊन, हे त्यात पाहिले गेले. बारा वर्षांखालील मुलांत जवळजवळ निम्म्यांना एक उपाय सरस ठरला आणि जवळजवळ निम्म्यांना दुसरा. कोणाच्या अंगात आफ्रिकी पूर्वजांचा वाटा किती, यावरून कोणास काय लागू पडेल हे सांगता आले नाही. फरक खरा होता. पण तो माणसामाणसांतला होता, वंशावंशांतला नव्हता.

वंशाची पाटी श्वास मोजणाऱ्या यंत्रावरही होती, हे आपल्याला आश्चर्याचे वाटेल. १८५१ साली अमेरिकेतील गुलामगिरीचा समर्थक डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट याने कृष्णवर्णीयांची फुप्फुसे जन्मतःच दुबळी असतात असे लिहिले आणि पुराव्यादाखल श्वासमापक यंत्राचे आकडे दिले. दारिद्र्य, कुपोषण आणि धूर यांचा त्याने विचारच केला नाही. वंशानुसार निकालाची पट्टी बदलण्याची रीत त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ साली वंशनिरपेक्ष पट्टी वापरण्याची शिफारस केली. पट्टी खाली आणली की आजारी फुप्फुसही ‘तुमच्या लोकांच्या मानाने ठीक’ ठरते, आणि रुग्ण उपचारांविना घरी परततो.

आपल्या स्वतःच्या देशाकडे पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींविषयीच्या निबंधात जातीचे सारतत्त्व जातिअंतर्गत विवाहात आहे असे प्रतिपादन केले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, २०१३ साली, हैदराबाद आणि अमेरिकेतील संशोधकांनी भारतीयांच्या जनुकांवरून दाखविले की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या भूमीवरील लोकसमूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळत होते आणि त्यानंतर हे मिसळणे थांबत गेले. म्हणजे मूळ सरमिसळ सर्वांच्या रक्तात आहे. भिंती नंतर बांधल्या गेल्या. या भिंतींची वैद्यकीय किंमतही मोजावी लागते. आंध्रातील वैश्य समाजात एका विकराची उणीव अधिक आढळते आणि त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या सक्सिनिलकोलिन या औषधाने स्नायू दीर्घकाळ लुळे पडण्याचा धोका असतो. लहान वर्तुळात पिढ्यान्‌पिढ्या विवाह होत राहिले की असे दुर्मिळ दोष साठत जातात. परंतु यावरून उच्च-नीच काही सिद्ध होत नाही. सोळाव्या जागेवरील आर्जिनिन ना जात पाहते ना धर्म. १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी वंशशुद्धीच्या आधारे जातीचे समर्थन करणाऱ्यांना उत्तर दिले, आणि १९४८ च्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात त्यांनी मानवमितीच्या मोजमापांचाच आधार घेऊन अस्पृश्य हे निराळ्या वंशाचे आहेत हा समज खोडून काढला. मोजमापांना ते घाबरले नाहीत; ती त्यांनी तपासून, आपल्या हाताने वापरली.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आज जनुकशास्त्राच्या भांडारात आपण फार थोडे आहोत. २०१६ च्या एका गणनेनुसार मोठ्या जनुकीय अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. ज्यांची जनुके वाचलीच गेली नाहीत, त्यांच्यासाठी चाचण्या तरी कशा तयार होणार? फिलॅग्रिनच्या उदाहरणात आपण हेच पाहिले. भारतात दहा हजार लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले असून २०२५ साली ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ब्रिटनमध्येही लाखो स्वयंसेवकांना सामावून घेणारे अभ्यास चालू आहेत. अशा अभ्यासाचे निमंत्रण आले, तर ते केराच्या टोपलीत टाकू नका. संमतिपत्र पूर्ण वाचा, माहिती कोणाच्या हाती जाणार ते विचारा, सहभागातून बाहेर पडता येते का ते पाहा. आणि समाधान झाले तर सहभागी व्हा. इतिहासात आपली मोजदाद इतरांनी आपल्याला न विचारता केली. आता विचारून केली जात असताना आपण गैरहजर राहणे परवडणारे नाही.

शेवटी घरच्या व्यवहाराकडे येतो. जनुकांची चर्चा कितीही रंजक असली, तरी दम्याने होणाऱ्या मृत्यूंचे कारण बहुधा त्याहून साधे असते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१४ साली दम्याच्या मृत्यूंचा राष्ट्रीय आढावा प्रसिद्ध केला. त्यात १९५ मृत्यू तपासले गेले. ज्यांच्या निळ्या पंपांची नोंद उपलब्ध होती, त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना मृत्यूपूर्वीच्या वर्षात बारांहून अधिक निळे पंप दिले गेले होते. घर धुराने भरत होते आणि खिडकीच तेवढी उघडली जात होती. म्हणूनच जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून, आणि ब्रिटनच्या मार्गदर्शिकेने २०२४ पासून, स्टेरॉइडशिवाय केवळ निळ्या पंपावर दमा ठेवू नये असे स्पष्ट सांगितले आहे.

आपल्या घरांतील अडचण मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीपाशी संपत नाही. ‘पंपाची सवय लागेल’, ‘स्टेरॉइड म्हणजे विष’, ‘मुलीच्या दम्याची वाच्यता झाली तर लग्न कसे जमेल’ ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. पंपातील स्टेरॉइडची मात्रा अल्प असते आणि ती प्रामुख्याने श्वासनलिकेतच काम करते. तिची सवय लागत नाही. लपविलेला दमा मात्र रात्री-अपरात्री प्राण घेऊ शकतो. सासरी जाणाऱ्या मुलीने पंप पर्समध्ये दडवून ठेवावा, शाळेत जाणाऱ्या मुलाने तो मित्रांसमोर काढू नये, ही लाज आपण घरातून हद्दपार केली पाहिजे. जन्माने मिळालेल्या गोष्टीची लाज बाळगणे आपण केव्हाच नाकारले आहे. मग श्वासनलिकेबाबत ती का बाळगावी?

तेव्हा माझी आपणास विनंती आहे. तपकिरी पंप किंवा डॉक्टरांनी दिलेला दोन औषधांचा एकत्र पंप बरे वाटले तरी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा. पंप ओढण्याची रीत वर्षातून एकदा तरी परिचारिकेला किंवा औषधनिर्मात्याला दाखवून तपासून घ्या. औषध घशातच अडत असेल, तर दोष जनुकांना देण्यात अर्थ नाही. अटॅक आला तर काय करावे याचा लेखी आराखडा मागून घ्या व घरातील सर्वांना वाचून दाखवा. कुटुंबात कोणाला कोणत्या औषधाची रिॲक्शन आली होती हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. थुंकीचा नमुना टपालाने पाठवून घरबसल्या केलेल्या जनुकचाचणीवर विसंबून औषध बंद करू नका अथवा बदलू नका. आणि नियमित औषध घेऊनही गुण येत नसेल, तर ‘आमच्या घरातच दमा आहे’ म्हणून गप्प बसू नका. औषध बदलून मिळण्याचा, तज्ज्ञाकडे पाठविले जाण्याचा आग्रह धरा.

भावंडांविषयीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की जनुकांचा भेद हे त्याचे एक कारण असू शकते, पण पंप घेण्याची रीत आणि नियमितपणा आधी तपासावा. रक्तातल्या आजाराला औषध काय करणार, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की औषध पुष्कळ करते. जनुक ही प्रवृत्ती देते, शिक्षा सुनावत नाही. माणसाची परीक्षा त्याच्या जन्मावरून करू नये, हे आपण समाजाला सांगत आलो. दवाखान्यातही आपण तेच मागायचे आहे: आमची पाटी वाचू नका, आम्हाला प्रत्यक्ष तपासा.